अपडेट येईनासे झाले तर? (म्हसावदच्या अभ्यासिकेतले चार संगणक आणि माझा लॅपटॉप)

मित्रहो, लिनक्सवर लेख म्हटला की आपल्या होस्टेलमधले निम्मे लोक पान उलटतात, हे मला माहीत आहे. तरी थोडं थांबा. हा लेख ‘लिनक्स चांगलं की विंडोज चांगलं’ या नेहमीच्या वादावर नाही. आपल्या संगणकाला येणारे अपडेट एक दिवस गुपचूप यायचे थांबतात, आपल्याला त्याचा पत्ता लागत नाही आणि नेमक्या अडचणीच्या वेळी ते उघडकीस येतं. तेव्हा काय करायचं, एवढाच आजचा विषय.

माझं गाव म्हसावद. नंदुरबार जिल्ह्यात, शहादा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी. २०२५ च्या दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलो होतो. गावात मुलांसाठी एक छोटी अभ्यासिका आहे. तिथे जुने, कुणी कुणी दिलेले चार संगणक आहेत आणि चारही उबुंटूवर चालतात. अभ्यासिका सांभाळणाऱ्या नानांना कळलं की मी कॉम्प्युटरला आहे. झालं! दुसऱ्या दिवशी सकाळी बोलावणं आलं.

गेलो तर बारावी झालेली एक मुलगी तीन नंबरच्या संगणकापुढे रडकुंडीला येऊन बसलेली. शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा होता आणि शेवटच्या तारखेला दोनच दिवस राहिले होते. वेबसाइट उघडतच नव्हती. “दादा, ब्राउझर जुना आहे असं लिहून येतंय.” नाना मात्र निश्चिंत. म्हणाले, “मशीन तं मस्त चालस भाऊ, मंग काय व्हयनं?”

तिचा अर्ज त्या दिवशी माझ्या लॅपटॉपवर भरला, पण प्रश्न डोक्यात राहिला. उबुंटू तर स्वतःच अपडेट शोधतो ना? मग ब्राउझर जुना कसा राहिला? बाकीचे तीन संगणक तपासले. एकालाही महिनोन्‌महिने अपडेट मिळालेले नव्हते आणि गंमत म्हणजे चौघांची कारणं चार वेगळी होती! वर माझा स्वतःचा लॅपटॉपही त्याच पंक्तीत निघाला. चारही यंत्रं दुरुस्त करण्यात सुट्टीचे चार दिवस गेले. ती कहाणी सांगता सांगता विषय समजावून देतो.

(एक सूचना : हा मराठी विभाग असल्यामुळे आज्ञा देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये टाइप करताना अर्थातच नेहमीच्या इंग्रजी स्पेलिंगने टाइप करा.)

आधी अपडेट येतो कसा ते पाहू

उबुंटू, डेबियन, मिंट या सगळ्यांत हे काम ‘ॲप्ट’ नावाचा प्रोग्रॅम करतो. नवे लोक दोन आज्ञांमध्ये नेहमी गोंधळतात. ‘सुडो ॲप्ट अपडेट’ या आज्ञेने एकही सॉफ्टवेअर बदलत नाही, फक्त नवी यादी येते. शहाद्याच्या बाजारात आज काय माल आला आहे त्याची चिठ्ठी मागवावी, तसं. माल प्रत्यक्ष घरी येतो तो ‘सुडो ॲप्ट अपग्रेड’ने. चिठ्ठीच जुनी असेल तर ‘नवा माल काहीच नाही’ असंच उत्तर मिळणार. नानांच्या संगणकांना हेच झालं होतं.

हा सगळा प्रवास साखळीसारखा आहे. पहिली कडी पत्त्यांची. कुठल्या सर्व्हरकडून माल आणायचा हे ‘ईटीसी’ डिरेक्टरीतल्या ‘ॲप्ट’ फोल्डरमध्ये लिहिलेलं असतं. पूर्वी ते ‘सोर्सेस.लिस्ट’ नावाच्या फाइलमध्ये असे, उबुंटू २४.०४ पासून ते ‘सोर्सेस.लिस्ट.डी’ या फोल्डरमधल्या ‘उबुंटू.सोर्सेस’ फाइलमध्ये असतं. दुसरी कडी नेटवर्कची. तिसरी कडी ‘रिलीज’ फाइलची. या फाइलवर तारीख असते आणि डिजिटल सही असते. चौथी कडी पॅकेजच्या यादीची, ज्यात प्रत्येक पॅकेजचा हॅश दिलेला असतो. पाचवी, पॅकेज डाउनलोड होणं. आणि शेवटची कडी म्हणजे ‘डीपीकेजी’ हा प्रोग्रॅम, जो पॅकेज उघडून जागच्या जागी बसवतो.

यात सहीचं महत्त्व फार. माल कुठल्याही मिरर सर्व्हरवरून आला तरी सही आणि हॅश जुळल्याशिवाय ॲप्ट तो घरात घेत नाही. साखळीची कुठलीही कडी तुटली की अपडेट थांबतो. आपोआप होणारी रोजची तपासणी अशा वेळी फारशी बोंबाबोंब करत नाही. ती मुकाट्याने अपयशी होते आणि संगणक नेहमीसारखा चालत राहतो.

म्हणून पहिला नियम : टर्मिनल उघडा, स्वतः ‘सुडो ॲप्ट अपडेट’ द्या आणि जे लिहून येतं ते वाचा. आपण सगळे एरर दिसली की खिडकी बंद करतो. पण निम्मं निदान त्या ओळीतच लिहिलेलं असतं.

माझा लॅपटॉप : होस्टेलची आठवण

सुरुवात स्वतःपासून करतो. घरी मोबाइलच्या हॉटस्पॉटवर ब्राउझर झकास चालत होता, पण ॲप्ट एका ‘१०.’ ने सुरू होणाऱ्या पत्त्याशी जोडायचा प्रयत्न करून ‘टाइम्ड आउट’ म्हणत होता. तो पत्ता होता होस्टेलच्या प्रॉक्सी सर्व्हरचा! पहिल्या वर्षाला एका सीनियरने प्रॉक्सी ‘संपूर्ण सिस्टिमला’ लावून दिली होती. ब्राउझरमधून मी ती कधीच काढली होती. ॲप्टच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये मात्र ती तशीच राहिली. म्हणजे माझा लॅपटॉप म्हसावदला बसून होस्टेलच्या गेटवर टकटक करत होता.

तपासायला ‘ॲप्ट-कॉन्फिग डंप’ ही आज्ञा द्या आणि आलेल्या मजकुरात ‘प्रॉक्सी’ शब्द शोधा. सापडला तर ‘ईटीसी-ॲप्ट’मधली ‘ॲप्ट.कॉन्फ’ फाइल, ‘ॲप्ट.कॉन्फ.डी’ फोल्डरमधल्या फाइली आणि ‘ईटीसी’तली ‘एन्व्हायरन्मेंट’ फाइल बघा. नको ती ओळ काढली की काम झालं.

होस्टेलवाल्यांसाठी याचाच एक भाऊबंद सांगतो. वायफायला लॉगिन पान असेल आणि तुम्ही लॉगिन केलं नसेल, तर ॲप्टने मागितलेल्या रिलीज फाइलच्या जागी त्याला लॉगिनचं पान मिळतं. त्यावर सही कुठली? मग ॲप्ट ‘नोस्प्लिट’ असा अगम्य शब्द दाखवतो आणि कंसात विचारतो की नेटवर्कला ऑथेंटिकेशन लागतं का. हा संदेश दिसला तर काहीही रिइन्स्टॉल करत बसू नका. ब्राउझर उघडा आणि लॉगिन करा, एवढंच.

एक नंबर : घड्याळ मागे

या संगणकाने सांगितलं की रिलीज फाइल ‘अजून वैध झालेली नाही’. म्हणजे फाइल भविष्यातली आहे! अर्थात फाइल बरोबर होती, संगणकाचंच घड्याळ काही वर्षं मागे होतं. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल, म्हणजे सीआर २०३२, संपला होता. मेन स्विच बंद केला की घड्याळ विसरायचं.

कुणी म्हणेल, उबुंटू तर इंटरनेटवरून वेळ घेतो. घेतो, पण इथे ती सोय बंद केलेली होती. झालं असं, की घड्याळ चुकलेलं दिसलं तेव्हा कुणीतरी हाताने वेळ लावली आणि हाताने लावायची तर ‘आपोआप वेळ’ हा पर्याय आधी बंद करावा लागतो. तो बंद केला तो कायमचाच. मग रोज ज्याला गरज पडेल त्याने वेळ लावायची, अशी पद्धत पडली. (यासाठी ॲडमिनचा पासवर्ड सगळ्या अभ्यासिकेला पाठ! त्यावर पुढे बोलू.)

उपाय सोपा : नवा सेल बसवला आणि ‘टाइमडेटसीटीएल सेट-एनटीपी ट्रू’ ही आज्ञा दिली. ॲप्ट तारखेवर एवढा का अडून बसतो? तर कुणी हल्लेखोराने आपल्याला मुद्दाम जुनी, भोकं असलेली यादी पुन्हा पुन्हा देऊ नये म्हणून. डेबियन आपल्या सिक्युरिटी अपडेटच्या रिलीज फाइलवर ‘अमुक तारखेपर्यंतच वैध’ असंही लिहितं. तेव्हा ही तपासणी बंद करायच्या युक्त्या कुठे वाचल्या तरी त्या करू नका. घड्याळ दुरुस्त करा.

दोन नंबर : अर्ध्यात गेलेली वीज

इथे संदेश स्पष्ट होता : ‘डीपीकेजी मध्येच थांबवला गेला आहे, अमुक आज्ञा द्या.’ पॅकेजं बसवणं चालू असताना वीज गेली होती. आपल्याकडे हे नवल नाही. तेव्हापासून तो संगणक अर्धा घास तोंडात धरून बसला होता. तो गिळल्याशिवाय पुढचा घेणार नव्हता.

‘सुडो डीपीकेजी’ला ‘कॉन्फिगर’ पर्याय आणि ‘ए’ देऊन अर्धवट कामं पुरी केली. पण तिथेही अडलं, कारण डिस्क शंभर टक्के भरलेली. ‘डीएफ’ आज्ञेला ‘एच’ पर्याय दिला की कुठे किती जागा उरली ते कळतं. कुणीतरी सिनेमे भरून ठेवले होते. ते नानांच्या परवानगीने उडवले, ‘सुडो ॲप्ट क्लीन’ने डाउनलोड झालेल्या जुन्या पॅकेजचा साठा काढला, मग पुन्हा डीपीकेजी आणि शेवटी ‘सुडो ॲप्ट फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल’. गाडी रुळावर!

काहींच्या संगणकात ‘बूट’ हे वेगळं आणि छोटं पार्टिशन असतं. ते जुन्या कर्नलनी भरतं. तिथल्या फाइली हाताने पुसू नका, ‘सुडो ॲप्ट ऑटोरिमूव्ह’ वापरा.

तसंच ‘लॉक मिळालं नाही’ असा संदेश आला तर बहुतेक वेळा मागे ‘अनअटेंडेड-अपग्रेड्स’ काम करत असतो. चहा पिऊन या. लॉकची फाइल पुसून टाकायचा सल्ला आपल्या होस्टेलमध्ये सर्रास दिला जातो आणि तो घातक आहे. दोन प्रोग्रॅम एकाच वेळी पॅकेजच्या डेटाबेसमध्ये लिहू लागले तर काय होईल ते डीबीएमएस शिकलेल्यांना सांगायला नको.

तीन नंबर : पत्त्यावर घरच नाही

हाच तो शिष्यवृत्तीवाला संगणक. संदेश : ‘४०४’, आणि ‘या रिपॉझिटरीत रिलीज फाइल नाही’. त्यावर उबुंटू २०.१० होतं. उबुंटूची नवी आवृत्ती दर एप्रिल आणि ऑक्टोबरला येते, पण सम वर्षाच्या एप्रिलमध्ये येणारी तेवढी दीर्घ मुदतीची, म्हणजे ‘एलटीएस’ असते आणि तिला पाच वर्षं अपडेट मिळतात. बाकीच्यांना फक्त नऊ महिने! २०.१० ची मुदत जुलै २०२१ मध्येच संपली. बसवणाऱ्याने त्या वेळी ‘सर्वांत नवं ते सर्वांत चांगलं’ असा विचार केला असणार.

मुदत संपलेल्या आवृत्त्या काही काळाने नेहमीच्या सर्व्हरवरून काढून ‘ओल्ड-रिलीजेस’ नावाच्या जुन्या मालाच्या गोदामात ठेवतात. पत्ता बदलून तिथला माल घेता येतो, ४०४ जातो. पण तिथे नवं काहीच येत नाही. म्हणजे अडचण दिसेनाशी होते, सुटत नाही. पुढे जायचं तर वाटेतल्या २१.०४ आणि २१.१० या पायऱ्याही मुदतबाह्य. म्हणून मी मुलांच्या फाइलींचा बॅकअप घेतला आणि सरळ २४.०४ ची झुबंटू ही हलकी आवृत्ती नव्याने बसवली. एक ध्यानात ठेवा : झुबंटू, लुबंटू यांच्या एलटीएसची मुदत तीन वर्षांची, मुख्य उबुंटूसारखी पाच नाही. म्हणजे २०२७ मध्ये पुन्हा हे काम आहेच.

ब्राउझर जुना राहिला की काय होतं याचं एक ठळक उदाहरण म्हणजे १४ मार्च २०२५. त्या दिवशी फायरफॉक्सच्या एका मूळ प्रमाणपत्राची मुदत संपणार होती. १२८ पूर्वीच्या (आणि दीर्घ मुदतीच्या शाखेत ११५.१३ पूर्वीच्या) फायरफॉक्समध्ये ॲड-ऑनसारख्या गोष्टी बंद पडू शकतात, असा इशारा मोझिलाने आधीच दिला होता. सॉफ्टवेअर न बदलता जागच्या जागी राहिलं तरी भोवतालचं जग पुढे जातं, ते असं.

चार नंबर : एरर नाही, हाच रोग

सर्वांत फसवा हा. घड्याळ बरोबर, डिस्क रिकामी, नेट चालू, ॲप्टची एकही एरर नाही. फक्त अपडेट शून्य. आवृत्ती बघितली (‘एलएसबी-रिलीज’, पर्याय ‘ए’; आज्ञेतल्या दोन शब्दांमध्ये अंडरस्कोर आहे) तर उबुंटू २०.०४. ही एलटीएस खरी, पण तिची नेहमीची मुदत ३१ मे २०२५ ला संपली. सर्व्हर जागेवर आहे, सही बरोबर आहे, फक्त कपाटात नवा माल ठेवणं थांबलं आहे. २०.०४ वरून २२.०४ वर थेट जाता येतं, म्हणून ‘डू-रिलीज-अपग्रेड’ दिलं आणि रात्रभर ठेवून दिलं. व्यक्तिगत वापरासाठी पाच यंत्रांपर्यंत ‘उबुंटू प्रो’ मोफत मिळतं, त्यात जुन्या एलटीएसला दहा वर्षांपर्यंत सुरक्षा अपडेट येतात. हार्डवेअर फार जुनं असेल तर घरच्या संगणकाला तोही मार्ग आहे.

इथेच उलटी बाजूही सांगतो. कधी कधी पॅकेज ‘मागे ठेवलं आहे’ असं लिहून येतं आणि आपण घाबरतो. उबुंटूत काही अपडेट आधी थोड्या यंत्रांना देतात आणि तक्रार आली नाही तर हळूहळू सगळ्यांना. आपली पाळी आली की येतो. तो रोग नव्हे. मात्र कुणी हाताने पॅकेज रोखून ठेवलं असेल तर ‘ॲप्ट-मार्क शोहोल्ड’ने दिसतं. आणि बाहेरून जोडलेल्या एखाद्या पीपीएची किल्ली संपली असेल तर तेवढाच स्रोत अडतो. गरज नसेल तर तो काढा. असेल तर मूळ ठिकाणाहून नवी किल्ली घ्या. सही न तपासता ‘विश्वास ठेव’ असं ॲप्टला सांगू नका.

एवढा खटाटोप कशासाठी?

नानांचा प्रश्न रास्त होता : मशीन चालतंय ना, मग? मी त्यांना ‘सुडो’चीच गोष्ट सांगितली. ज्या सुडोने आपण ॲडमिन होतो, त्याच प्रोग्रॅममध्ये जुलै २०११ पासून एक भोक होतं. ते जवळजवळ दहा वर्षं कुणाला दिसलं नाही आणि २६ जानेवारी २०२१ ला जाहीर झालं. त्यातून संगणकावरचा कुठलाही साधा वापरकर्ता पासवर्डशिवाय रूट होऊ शकत होता. दुरुस्ती त्याच दिवशी आली, पण कुणाला? ज्यांची साखळी शाबूत होती त्यांना.

अभ्यासिकेच्या संगणकावर मुलं काय टाइप करतात? आधार क्रमांक, बँकेचं खातं, आईवडिलांच्या उत्पन्नाचा दाखला. देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० ला दिला गेला तो टेंभलीत, आमच्याच शहादा तालुक्यात. त्या क्रमांकाचं महत्त्व आमच्या भागात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. नाना एवढंच म्हणाले, “मग सगळ्यांना पाठ असलेला तो पासवर्डही बदल.” बदलला, आणि मुलांसाठी ॲडमिनचे अधिकार नसलेलं वेगळं खातं केलं.

डेटा कमी असेल तर

चार यंत्रांचे अपडेट मोबाइलच्या रोजच्या डेटात बसवणं कठीण. त्यासाठी दोन चीजा फार उपयोगी पडल्या. ‘ॲप्ट-कॅचर-एनजी’ एका संगणकावर बसवला की एकदा आणलेलं पॅकेज तो साठवतो आणि बाकीच्यांना तिथूनच देतो. (मात्र तो संगणक बंद असला की बाकीचे माझ्या लॅपटॉपसारखे बंद दारावर टकटक करतील, हे विसरू नका!) आणि ‘ॲप्ट-ऑफलाइन’ : घरच्या संगणकावर काय हवं त्याची फाइल तयार करायची, पेनड्राइव्हवर घालून होस्टेलला आणायची, इथल्या नेटवर डाउनलोड करायचं आणि पुढच्या एसटीने परत न्यायचं.

तर, क्रमाने

१) ‘सुडो ॲप्ट अपडेट’ द्या, संदेश शेवटपर्यंत वाचा.
२) तारीख, वेळ आणि वर्ष बघा.
३) वायफायचं लॉगिन आणि ॲप्टची प्रॉक्सी बघा.
४) डिस्कवर जागा आहे का ते बघा.
५) डीपीकेजी अर्धवट थांबला असेल तर पुरा करा.
६) आवृत्ती कोणती आणि तिची मुदत कधीपर्यंत ते बघा.
७) एरर नसली तरी ‘व्हार-लॉग-ॲप्ट’मधली ‘हिस्टरी.लॉग’ उघडा आणि शेवटचा अपडेट कधी झाला ते पाहा.

सातवी पायरी सगळ्यात महत्त्वाची, कारण दोष नसतानाही ती करायची आहे. नानांनी त्यावर स्वतःचा तोडगा काढला. भिंतीवर कॅलेंडर लावलं आणि दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी चार यंत्रांपुढे शेवटच्या अपडेटची तारीख पेनाने लिहायची असं ठरवलं. आता मला फोन येतो : “भाऊ, दोन नंबरची तारीख सरकली नाही.” परवाच आला होता. घड्याळ ठीक, आवृत्ती ठीक. डिस्क बघायला सांगितली. पुन्हा सिनेमे!

तुमच्याही लॅपटॉपवर आज रात्री एकदा ती हिस्टरी उघडून बघा. तारीख पाहून धक्का बसला तर माझ्या रूमवर या. चहा मात्र तुमचा.

— एक विद्यार्थी, तृतीय वर्ष, संगणक अभियांत्रिकी